मशीनचं सोवळं

"काय गं, कावळा शिवलाय का?" चंद्रामावशीनं विचारलं.

संगणक कक्षाच्या दाराशी ही आमच्या शाळेची शिपाईणबाई पाट टाकून बसली होती. मांडीवर झेंडूच्या फुलांचं ताट. समोर आम्ही नववीच्या मुली, चपला व्हरांड्यात काढून, अनवाणी रांगेत उभ्या. प्रत्येकीला हाच प्रश्न. नाही म्हटलं की एक फूल मिळायचं आणि आत जायला वाट. हो म्हटलं की मान खाली घालून वर्गात परत जायचं, आणि परत का आलो हे सगळ्या वर्गाला कळायचं. पाळी आलेल्या बाईला कावळा शिवला म्हणायची आमच्याकडं पद्धत होती. त्या कावळ्याला दुसरा कामधंदा नव्हता.

"नाही," मी म्हटलं.

धडधडीत खोटं. दुसरा दिवस होता माझा. ओटीपोटात कळा येत होत्या आणि तरी मी मावशीच्या डोळ्यांत बघून नाही म्हटलं, फूल घेतलं आणि आत जाऊन दोन नंबरच्या मशीनसमोर बसले. दर महिन्याला मी तसंच करत होते. त्याची मला तेव्हा लाज वाटली नव्हती आणि आता पन्नाशी उलटल्यावरही वाटत नाही.

ही एकोणिसशे एकोणनव्वदची गोष्ट. सांगलीच्या अलीकडं, उसाच्या पट्ट्यातलं आमचं गाव. तिथल्या कन्या शाळेला सरकारच्या कुठल्याशा योजनेतून चार कॉम्प्युटर मिळाले होते. मिळाले म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका कारखानीसबाईंनी जिल्ह्याला खेटे घालून घालून आणले होते. आमच्याच संस्थेच्या मुलांच्या हायस्कूलला एकही मिळाला नाही, कारण त्यांच्या हेडमास्तरांनी त्या खटाटोपात वेळच घातला नाही. पण मशीनं आली, एसटी स्टँडपासून शाळेपर्यंत टेम्पोपुढं लेझीम खेळलं गेलं, नारळ फुटले, आणि मग त्यांच्या पोटात दुखायला लागलं.

मशीन शिकवायला मगदूम सर. गणिताचे. पुण्याला पंधरा दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आले होते आणि आम्हाला शिकवताना आमच्यापेक्षा तेच जास्त घाबरलेले असायचे. त्यांनी खोलीला हिरवे पडदे लावले, खाली काथ्याची चटई घातली, चपला बाहेर काढायचा नियम केला आणि भिंतीवर सरस्वतीचा फोटो टांगला. एवढ्यावर त्यांचं मन भरलं नाही. प्रत्येक मशीनवर रोज एक फूल आणि चिमूटभर खडीसाखर ठेवायची, असं त्यांनी ठरवलं. देवाचं ते देवाचं, म्हणून दुसऱ्या दिवशीच्या सफाईपर्यंत ते तसंच ठेवायचं. शाळा सुटताना ज्या त्या मशीनला नेमलेल्या मुलीनं वरून कापडी झाकण घालायचं आणि निघायचं. दोन नंबरला मी होते.

आता मशीन म्हणजे काय, तर जाडजूड पाटीएवढा एक डबा, त्यावरच बटणं, मागच्या बाजूला हवा खेळायला बारीक फटी, आणि शेजारी टीव्हीसारखा पडदा. पडद्यावर एक इवलासा त्रिकोण दिसायचा. सर म्हणाले, हे कासव. आम्ही हसलो. पण सरांनी एफडी पन्नास असं लिहून एक बटण दाबलं आणि कासव पुढं चालत गेलं, मागं रेघ सोडत. आरटी नव्वद म्हटलं, तर उजवीकडं वळलं. मग मी माझ्या हातानं तेच चार वेळा लिहिलं आणि पडद्यावर चौकोन उभा राहिला.

घरात मला आई हुकूम सोडायची, भाऊ सोडायचा, शेजारची काकूसुद्धा सोडायची. मी सांगावं आणि कुणीतरी निमूट ऐकावं, असं आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. मी त्या कासवाच्या प्रेमातच पडले. नंतर मी त्याच्याकडून चांदणी काढून घेतली, तुळशीवृंदावन काढून घेतलं. सर वर्गात सगळ्यांसमोर म्हणाले की कालिंदीला हे माझ्यापेक्षा बरं जमतं. दुसऱ्या कुठल्या मास्तरांच्या तोंडून हे वाक्य निघालं नसतं.

मग तीन नंबरचं मशीन गेलं. रंजना तोडकर त्यावर बसली होती. काहीतरी करपल्याचा वास आला, पडदा काळा झाला आणि संपलं. सर घामाघूम. सगळे विचारात पडलेले असताना चंद्रामावशी दारातून म्हणाली की पोरगी सकाळी माझ्याकडं कापड मागायला आली होती. बस, तेवढं पुरलं. रंजना माझी शेजारीण, पहिलीपासून एका बाकावरची. तिला तिथंच रडू फुटलं, आणि रडली म्हणजे कबूल झालं, असा सगळ्यांनी हिशोब लावला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. रस्त्यात मुलांच्या हायस्कूलची पोरं तिला मशीनमोडी म्हणून हाक मारायला लागली. तिनं कॉम्प्युटरच्या तासाला येणं सोडलं. तिच्या वडिलांनी घरात सांगून टाकलं की नववी झाली की पुरे, शाळेत जाऊन नाव काढलंस तेवढं खूप झालं.

मावशीचा प्रश्न तेव्हापासून सुरू झाला. हा नियम कुणी केला नव्हता. सर म्हणायचे मी केला नाही, बाई म्हणायच्या मी केला नाही, मावशी म्हणायची मला काय, मी आपली विचारते. आमचा मशीनवर बसायचा तास आठवड्यातून एकदाच यायचा, त्यात कावळ्याचा आठवडा गेला की गेलाच. म्हणून मी खोटं बोलायचं ठरवलं. इतर किती जणी बोलायच्या मला माहीत नाही. आम्ही एकमेकींनाही विचारलं नाही.

दिवाळीच्या तोंडावर एक नंबरचं मशीनही गेलं. त्या वेळी कुणीच रडलं नाही आणि कुणी कबूलही झालं नाही, त्यामुळं संशय सगळ्यांवर पसरला. चार नंबर अधूनमधून अडखळायचं. धड चालत होतं ते फक्त माझं, दोन नंबरचं.

त्या गुरुवारी मी फूल घेऊन आत बसले तर सरांचं शिकवण्यात लक्षच नव्हतं. ते फळ्याकडं तोंड करून उभे होते आणि खडू हातात नुसता फिरवत होते. तास संपल्यावर मावशीनंच बातमी फोडली. संस्थेचे अध्यक्ष दाजीसाहेब यांनी ठरवलं होतं की चारही मशीनं मुलांच्या हायस्कूलला हलवायची. तिथं ही भानगड नाही. दोन बिघडलेली दुरुस्त करून घेतील, दोन वापरतील. शनिवारी सकाळी टेम्पो येणार.

मी तशीच कारखानीसबाईंच्या खोलीत गेले. बाई एम. ए. झालेल्या, पांढरं सुती पातळ, वर्गात आल्या की टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता. मला वाटलं बाई टेबलावर हात आपटून सांगतील की अजिबात नेऊ देणार नाही. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि समजावायला सुरुवात केली. म्हणाल्या, मी स्वतः असलं काही मानत नाही. पण मशीनं सरकारची. उद्या तिसरं बिघडलं तर उत्तर कोण देणार? पालकही कुजबुजायला लागलेत. दाजीसाहेबांच्या शब्दाबाहेर जाऊन ही शाळा एक दिवस चालत नाही.

"विषाची परीक्षा कशाला घ्यायची, कालिंदी?"

"विष म्हणजे आम्ही का, बाई?"

बाई चष्मा काढून पुसत बसल्या. मला त्यांचा इतका राग आला की मी न विचारता उठून आले. मावशी अडाणी, तिच्यावर काय चिडायचं? पण जिला कळतं आणि तरी जी गप्प बसते, तिच्यावर चिडायलाच हवं.

शुक्रवार असाच गेला. संध्याकाळी मी रंजनाच्या घरी गेले. ती अंगणात ज्वारी पाखडत होती. मी तिला सांगितलं की उद्या मशीनं चाललीत, तू ये. ती म्हणाली, कशाला, निरोप द्यायला? मी म्हटलं, ये तर खरी. माझ्या डोक्यात तेव्हा काहीही ठरलेलं नव्हतं. ती समोर हवी, एवढंच वाटत होतं.

शनिवारची सकाळची शाळा. टेम्पो फाटकाशी लागलेला. मुलांच्या हायस्कूलचे दोन शिपाई आले होते, त्यातला म्हादबा गुरव मोठा, भैरोबाच्या देवळातली पूजा त्याच्या घराकडं. रंजनाही आली होती. आम्हा नववीच्या मुलींना बाईंनी संगणक कक्षातच भिंतीकडेनं उभं केलं, कारण दाजीसाहेबांना दोन शब्द बोलायचे होते. दाजीसाहेब आले. धोतर, कोट, करकरणाऱ्या कोल्हापुरी चपला. त्या चपलांसकट ते काथ्याच्या चटईवरून चालत आले आणि सरस्वतीच्या फोटोखाली उभे राहिले. कुणी हूं की चूं केलं नाही.

ते काही वाईट बोलले नाहीत. उलट गोडच बोलले. म्हणाले, मुलींनो, तुम्ही घरच्या लक्ष्म्या. यात तुमचा दोष नाही, निसर्गानंच तशी योजना केली आहे. पण यंत्र हे नाजूक काम, त्याला पावित्र्य लागतं. मुलांच्या शाळेत ती अडचण येणार नाही. तुमच्यासाठी आम्ही शिवणयंत्रं आणणार आहोत, दोन, पायाची.

शिवणयंत्रं म्हटल्यावर माझं डोकं फिरलं.

"दाजीसाहेब," मी म्हटलं, "दोन नंबरचं मशीन का नाही बिघडलं?"

त्यांना कुणी मधे बोलायची सवय नव्हती. त्यांनी बाईंकडं बघितलं. बाईंनी माझ्याकडं.

"देवाची कृपा," ते म्हणाले.

"त्याच्यावर मी बसते. पहिल्यापासून. दर महिन्याला माझी पाळी आली तरी बसते. परवा बसले होते. आज तास असता तर आजही बसले असते."

पाळी हा शब्द त्या शाळेत मोठ्यानं कुणी उच्चारला नसेल, आणि पुरुषांसमोर तर नाहीच. चंद्रामावशीनं कपाळावर हात मारून घेतला. मगदूम सर खिडकीतून बाहेर बघायला लागले. बाई म्हणाल्या, कालिंदी, गप्प राहा. पण एकदा तोंडातून गेलं होतं आणि मला तर मोकळं वाटायला लागलं होतं.

"मी जर मशीन बिघडवत असेन तर पहिलं माझंच बिघडायला हवं होतं. रंजनाचं का बिघडलं ते कुणी उघडून तरी बघितलं का?"

हे मी सरांकडं बघून म्हटलं. उघडून कुणीच बघितलं नव्हतं. कंपनीचा माणूस येईपर्यंत हात लावायचा नाही, असं पुण्याला सांगितलं होतं आणि कंपनीचा माणूस काही आला नव्हता. सर खिडकीपासून वळले. त्यांचे कान लाल झालेले होते. त्यांनी खणातून पेचकस काढला, तीन नंबरचा डबा टेबलावर पालथा घातला आणि एकेक स्क्रू काढायला लागले. दाजीसाहेब म्हणाले, मगदूम, हे काय चाललंय? सर म्हणाले, एक मिनिट साहेब. त्या माणसाला मी पहिल्यांदाच कुणाला थांबवताना बघितलं.

झाकण निघालं. आत मुंग्या होत्या. शेकड्यांनी, मेलेल्या, वाळून काळा चुरा झालेल्या. त्यांच्यामध्ये काही पांढरे खडे आणि वितळून चिकटलेला साखरेचा पाक. फटींतून खडीसाखर आत पडत होती, तिच्यामागं मुंग्या जात होत्या आणि मुंग्यांनी आतल्या तारा एकमेकींना भिडवून सगळं जाळून टाकलं होतं.

सरांनी एक नंबर उघडलं. तेच. चार नंबर उघडलं, तिथं मुंग्या जिवंत होत्या. मग दोन नंबर. आत धुळीखेरीज काही नव्हतं. सरांनी त्या स्वच्छ डब्यात बोट फिरवून बघितलं.

"साखर तर यावरही रोज ठेवत होता तुम्ही," ते म्हणाले.

"मी खायचे, सर. रोज झाकण घालायच्या आधी. भूक लागलेली असायची."

भिंतीकडेला कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळ्याच जणी हसायला लागल्या. विटाळशी पोरीनं देवाचा नैवेद्य खाल्ला आणि तेवढं एकच मशीन वाचलं. मावशीलासुद्धा पदर तोंडाला लावावा लागला.

सर हसले नाहीत. ते दाजीसाहेबांसमोर जाऊन उभे राहिले. "खडीसाखर ठेवायला मी सांगितली होती, साहेब. मशीनं मी बिघडवली. या मुलींचा काही संबंध नाही." आणि रंजनाकडं वळून, सगळ्यांदेखत, एका मास्तरानं एका विद्यार्थिनीला म्हणावं तसं नाही, तर माणसानं माणसाला म्हणावं तसं ते म्हणाले, "रंजना, चुकलं माझं."

मला वाटलं, संपलं, आता टेम्पो परत जाईल. किती भाबडी होते मी. मुंग्या दिसल्या म्हणून मशीनं सोडायला दाजीसाहेब काय मुंग्यांसाठी आले होते?

"मुंग्यांचं मुंग्यांपाशी," ते म्हणाले. "या पोरीनं आज जी भाषा वापरली ती शोभणारी नाही. तिनं आधी सरस्वतीपुढं नाक घासावं. आणि मशीनं हायस्कूलला जाणार हे ठरलेलं आहे. म्हादबा, उचला."

बाई माझ्याजवळ आल्या, हळूच म्हणाल्या की एकदा माफी माग, मी नंतर बघते काय करता येतं ते. मी नाही म्हटलं. कशाची मागू, असंही विचारलं. तोवर म्हादबानं धोतराचा काचा मारला होता आणि तो दोन नंबरच्या मशीनकडं चालत होता. माझ्या मशीनकडं.

आणि तेव्हा मला सुचलं. कसं सुचलं सांगता येत नाही. रागात माणसाला एरवी काही सुचत नाही म्हणतात, मला रागातच सुचतं.

"म्हादबाकाका, थांबा," मी म्हटलं. "ते मी शिवलेलं आहे. परवा, पाळीत. आज चौथा दिवस आहे, अजून न्हाले नाही." आणि पुढं होऊन मी दोन्ही हात मशीनवर ठेवले. "आता नेता का?"

म्हादबाचा हात हवेत राहिला. तो दोन पावलं मागं सरकला. "साहेब, मला संध्याकाळी भैरोबाच्या गाभाऱ्यात जायाचं हाय," तो म्हणाला. "मला हे न्हाई चालायचं."

दुसरा शिपाई म्हणाला, मी गुरव नाही, पण आमच्या घरातबी पाळतात.

"गोमूत्र शिंपडा आणि उचला," दाजीसाहेब म्हणाले.

मगदूम सरांनी घसा साफ केला. "साहेब, पाण्याचा थेंब जरी आत गेला तरी हे मशीन गेलं. गोमूत्र तर खारट. ते लगेच जाईल."

"पुसून घ्या."

"वरून पुसता येईल. बटणं पुसता येणार नाहीत. बोटं बटणांवरच लागलेली आहेत, साहेब." सरांचा चेहरा अगदी साळसूद होता. आयुष्यभर मला कळलं नाही की त्या घटकेला ते खरंच अडचण सांगत होते की माझ्या बाजूनं लढत होते. मी दुसरं धरून चालते.

तेवढ्यात रंजना भिंतीपासून निघाली. जी पोरगी चार महिने मान वर करून चालली नव्हती ती सरळ चार नंबरच्या टेबलाशी गेली आणि उघड्या डब्यावर, जिवंत मुंग्यांवर, तिनं हात ठेवला.

"हे मी शिवलं," ती म्हणाली. "मलाबी शिवलाय कावळा."

मग कुणी एक नंबरला हात लावला, कुणी तीनला. काही जणी नुसत्याच टेबलाला धरून उभ्या राहिल्या. खऱ्या किती, खोट्या किती, ते आता त्या कावळ्यालाच माहीत. दाजीसाहेबांच्या समोर चार बाटलेली मशीनं आणि भोवती पोरींचा घोळका. विटाळ खरा म्हणावं तर ही मशीनं मुलांच्या हायस्कूलला न्यायची कशी? विटाळ खोटा म्हणावं तर न्यायची कशासाठी? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. त्यांनी एकदा म्हादबाकडं बघितलं, एकदा फोटोकडं. मग कारखानीसबाईंना म्हणाले की दिवाळीनंतर बघू, आणि करकरत निघून गेले. दिवाळीनंतर काही बघितलं गेलं नाही. शिवणयंत्रंही आली नाहीत, ते एक बरं झालं.

टेम्पो गेल्यावर बाई दारातच उभ्या होत्या. मला वाटलं आता माझी काही खैर नाही. त्या मावशीकडं वळल्या. म्हणाल्या, चंद्राबाई, सोमवारपासून दारात बसू नका, आणि कुणाला काही विचारू नका. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही. पण मी त्यांना तेवढ्यापुरतं माफ केलं.

सरांनी दोन नंबरचं झाकण परत बसवलं, वायर जोडली आणि खुर्ची ओढून रंजनाला दिली. तिला काही आठवत नव्हतं. मी कानात सांगायला वाकले तर म्हणाली, थांब, माझं मला करू दे. एका बोटानं, अक्षर शोधत शोधत, तिनं एफडी शंभर असं लिहिलं. कासव वर चढत गेलं आणि पडद्याच्या कडेला जाऊन थांबलं.

घरी पोचले तर बातमी माझ्या आधी पोचलेली. वडील ड्यूटीवर होते, भाऊ खेळायला. मी नेहमीसारखी सोप्यातल्या माझ्या कोपऱ्यात पोत्यावर जाऊन बसले. शाळेत वाटेल ते केलं तरी घरातली शिवाशिव मी पाळत होते, आईला त्रास नको म्हणून. आई तांब्या घेऊन आली आणि लांबूनच माझ्या पेल्यात पाणी ओतायला वाकली. मग ओतताना मधेच थांबली.

"शिवलीस ते शिवलीस," ती म्हणाली. "कुणाला कळलं नव्हतं. चार मान्सांत बोलायची काय गरज हुती गं? बाईमाणसाचं हे असतंय आपलं ठेवायचं झाकून. गावभर झालं आता. उद्या तुला करून घ्यायला येणाऱ्यांनी काय म्हणावं?"

मी दिवसभर भांडले होते. आईशी भांडायचं बळ उरलं नव्हतं. जे होतं ते सांगितलं.

"न बोलता शिवत हुते आई, इतके म्हैने. माझं मशीन चालत हुतं. मी गप, म्हणून तर समदं रंजीच्या माथ्यावर आलं. मी पहिल्याच दिवशी बोलले असते तर तिला एकटीला कुणी मशीनमोडी म्हटलं नसतं."

आई तांब्या धरून तशीच वाकून उभी राहिली. तिच्या कपाळावर घाम होता, चुलीपुढून उठून आली होती. तिनं आयुष्यात किती दिवस असे पोत्यावर काढले असतील, आणि मागायची सोय नसताना तहानलेलं राहून किती वेळा वाट बघितली असेल, हे मी तोवर कधी मनात आणलं नव्हतं.

मी पोत्यावरून उठले. तिच्या अंगावरून, उंबरा ओलांडून, स्वयंपाकघरात गेले. माठावरचं झाकण काढलं, पेला आत बुडवला आणि तिथंच उभी राहून गटागटा पाणी प्यायले. वळून बघितलं तर आई उंबऱ्यात उभी होती. मला वाटलं आता ती माठ फोडणार, नाहीतर मला.

"मलाबी दे," ती म्हणाली.

मी तोच पेला पुन्हा माठात बुडवून भरला. तिनं तो माझ्या हातातून घेतला, तोंडाला लावला आणि रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही.